मशीनचा आवाज पाठवा

बाई कॅमेऱ्यालाही "बसा" म्हणायच्या.

नौपाड्यातल्या त्यांच्या शिलाई मशीनच्या दुकानात मी पहिली रील काढत होते. फोन स्टँडला लावला, दिवा सरळ केला आणि सुरू झाल्याची खूण केली. बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, फोनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नमस्कार. बसा." मग थांबल्या. समोरच्याला खुर्ची ओढून बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबल्या. घरी जाऊन मी ते थांबणं कापून टाकलं, कारण पहिल्या काही सेकंदांत माणूस धरला नाही तर तो अंगठ्याने पुढे सरकतो, असं मी कोर्समध्ये शिकले होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी व्हिडिओ पाहिला. "तो बिचारा अजून टेकला नाही तोवर मी बोलायला लागलेय," त्या म्हणाल्या. "बरं नाही दिसत." मला ते सेकंद परत जोडावे लागले.

व्हिडिओ संपतानाही तसंच. लाइक करा, शेअर करा, यातलं काही त्या म्हणत नसत. "उठा आता, तुम्हालाही कामं असतील," एवढंच. त्यावर एकदा एका बाईंनी खाली लिहिलं होतं, की मी खरंच उठले आणि कुकर लावला.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. टिटवाळ्याला राहायचे. डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलेला, व्हिजिटिंग कार्डं छापून घेतलेली आणि हातात काम एकही नाही. नौपाड्यात दुकानामागून दुकान हिंडत होते. चष्मेवाले, दातांचे डॉक्टर, साड्यांचे दुकानदार, सगळे कार्ड ठेवून घ्यायचे आणि "कळवतो" म्हणायचे. बाईंनी कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "तुला शिवता येतं?"

"नाही."

"मग तू लोकांना आमच्याबद्दल काय सांगणार?"

"ते तुम्ही सांगायचं. मी फक्त पोचवणार."

"पोचवायला तरी काय पोचवतोय ते कळायला नको का?" म्हणाल्या, आणि मला स्टुलावर बसवलं. पुढचे आठ दिवस मी बॉबिन भरणं, सुईत दोरा ओवणं आणि जुन्या चादरीवर सरळ टीप मारणं एवढंच केलं. नवव्या दिवशी टीप सरळ आली तेव्हा त्यांनी दुकानाचं पेज उघडायला परवानगी दिली.

दुकान त्यांच्या वडिलांचं. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वय पासष्टच्या पुढे, पाठ ताठ, भाषा शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखी. पर्समध्ये रुमाल, पास आणि मशीनच्या तेलाची छोटी कुपी. कुरकुरणारी वस्तू त्यांना सहनच व्हायची नाही. बँकेत रांगेत उभ्या असताना त्यांनी तिथल्या दाराच्या बिजागरीला तेल घातलेलं मी पाहिलं आहे. सिक्युरिटीवाला काही बोलणार, तेवढ्यात दार गपकन शांत झालं आणि तो नुसताच बाजूला झाला.

व्हिडिओत त्या चेहरा दाखवत नसत. फक्त हात. "तोंड बघून काय करायचंय, काम हातांचं आहे." मी समजवायचे, की लोकांना चेहरा लागतो, विश्वास वाटतो. त्या ऐकून घ्यायच्या आणि फोन पुन्हा खाली वळवायच्या.

लाइकचं मात्र त्यांना फार अप्रूप होतं. कुणीतरी कुठेतरी बसून आपल्यासाठी अंगठा उचलतो आणि आपण साधे आभारही मानत नाही, हे त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. म्हणून रोज चारच्या चहाबरोबर त्या एका बोटाने उत्तरं लिहायला बसत. "सप्रेम नमस्कार. आपला अंगठा मिळाला. आभारी आहे. मशीन कोणतं वापरता?" एका तरुणाने लाल बदाम पाठवला तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, "याचा अर्थ काय धरायचा?" मी म्हटलं, आवडलं असं म्हणायचंय त्याला. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, "आपल्या भावना पोचल्या. सुई महिन्यातून एकदा बदलत जा."

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. त्या सगळं सांगून टाकायच्या. दोरा का तुटतो, टाका सैल का पडतो, काय घरी करता येतं आणि कशासाठी दुकानात यावं लागत नाही.

"बाई, सगळं फुकट शिकवलंत तर दुकानात कोण येईल?"

"ज्याला जमणार नाही तो येईल. नाहीतरी सुई बदलायला टिटवाळ्याहून ठाण्याला कोण येतंय?"

आमच्या पेजचं नशीब उघडलं ते मात्र माझ्या हुशारीने नाही. डोंबिवलीच्या एका बाईंनी विचारलं होतं, मशीन आवाज करतंय, काय करू? बाईंनी लिहिलं, कसला आवाज? डोंबिवलीच्या बाईंना ते लिहून सांगता येईना. शेवटी त्यांनी फोन मशीनजवळ धरला आणि आवाजच पाठवला. बाईंनी फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "चाकाच्या दर फेऱ्याला एकदा टक होतंय. सुईचं टोक वाकलंय, खाली पत्र्याला लागतंय." दहा मिनिटांत उत्तर आलं, "झालं बाई, गेला आवाज."

मला एकदम सुचलं. मी पोस्ट टाकली: मशीन भंगारात द्यायच्या आधी मशीनचा आवाज पाठवा.

आवाज यायला लागले. ठाण्यातून, कल्याणमधून, मग कुठून कुठून. खडखड, चर्रचर्र, मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या मुलाचं पाढे म्हणणं. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि सांगायच्या. कधी कधी मशीन सोडून भलतंच सांगायच्या. "यांच्या घरात पंखा डगमगतोय, तोही बघायला सांग." मी त्यांचे ऐकतानाचे हात, मांडीवरचा फोन आणि मग एका वाक्यातलं निदान असं चित्रित करायचे. लोक वेडे झाले. सुटे भाग मागवणारे वाढले, नवीन मशीन घ्यायला माणसं बदलापूरहून यायला लागली. दुकानातल्या मिस्त्रींना जेवायला वेळ मिळेना.

आणि मला थोडी हवा लागली.

आवाज इतके येत की सगळे बाईंना ऐकवणं शक्य नव्हतं, असं मी स्वतःचं स्वतःच ठरवलं. जे स्पष्ट आहेत, गमतीदार आहेत, ज्यांची चांगली रील होईल, ते निवडायचे. बाकीच्यांना आपोआप उत्तर जायचं: आपला मेसेज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, लवकरच संपर्क करू. हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. सांगावंसं वाटलंही नाही.

एका सकाळी सगळ्यात गाजलेल्या रीलखाली कमेंट आली. "तुमच्याकडनं मशीन घेऊन पस्तावले. आठ दिवस झाले आवाज पाठवते, कोण ऐकत नाही. व्हिडिओत तेवढं गोड बोलतात." नाव सुरेखा, गाव आंबिवली. मी स्टेशनवर उभी होते. गाडी यायच्या आत मी ती कमेंट काढून टाकली. तिने पुन्हा लिहिली. मी ती काढली आणि सुरेखाला ब्लॉक केलं. कोर्समध्ये असंच शिकवलं होतं, की नकारात्मक गोष्ट वर राहू द्यायची नाही.

चार वाजता चहा आला. बाईंनी चष्मा लावला आणि फोनवर खालीवर बोट फिरवत राहिल्या.

"सकाळी इथे एक बाई होत्या," त्या म्हणाल्या. "आंबिवलीच्या. दिसत नाहीत आता."

बाई रोज सकाळी घरूनच पेज बघतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मी काढली ती कमेंट."

"का?"

"बाई, वाईट लिहिलं होतं. इतक्या लोकांनी वाचलं असतं. सगळे काढतात."

"त्या इथे दुकानात येऊन हेच बोलल्या असत्या, तर तू त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं असतंस?"

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"आणि आवाज पाठवलाय म्हणतात. तो कुठे आहे?"

मला न ऐकलेल्या मेसेजांची ती लांबलचक यादी उघडून दाखवावी लागली. बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग सुरेखाचे तीन मेसेज ऐकले. पहिल्यात मशीन चाललेलं होतं आणि शेवटी एक दबलेला आवाज, "बाई, टाका सुटतोय, काय करू सांगा ना." दुसरा तसाच, जास्त लांब, "शाळेची ऑर्डर आहे ओ, गुरुवारी द्यायचीय." तिसऱ्यात मशीन नव्हतं. "राहू द्या. तुम्हाला वेळ नसेल."

तो दिवस मंगळवार होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडून नंबर घेऊन स्वतः फोन लावला, दुकानाचं नाव सांगितलं, पत्ता लिहून घेतला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी येते."

मी म्हटलं, "मिस्त्रींना पाठवू या ना."

"मिस्त्री रिपेअरिंगला जातात. हे रिपेअरिंग नाही." फोन पर्समध्ये ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तू रोज आंबिवलीवरूनच जातेस ना?"

"हो."

"आठ दिवस. जाऊन-येऊन सोळा वेळा."

एवढंच बोलल्या. त्या रात्री काम जाणार याची भीती होतीच, पण संध्याकाळी गाडी आंबिवलीला थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघू शकले नव्हते, ते जास्त लागलं होतं.

बुधवारी सकाळी बाई आंबिवली स्टेशनवर माझ्या आधी हजर होत्या. हातात कापडी पिशवी, तीत हत्यारं आणि सुट्या भागांचे डबे. सुरेखाचं घर तळमजल्यावरचं, पुढची खोली म्हणजेच तिचं शिवणकाम. तिशीची, बारीक, डोळ्यांखाली काळं. खोलीभर हिरवी-लाल लुगडी कापून पडली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात लहान मुली कोळी नाच करणार होत्या, त्यांच्यासाठी नेसवायला सोपी, शिवून तयार करायची अकरा लुगडी. चार झाली होती. सात नुसतीच कापलेली.

ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"मी बसू का?" बाईंनी विचारलं.

सुरेखाने क्षणभर पाहिलं आणि खुर्चीवरचे कपडे उचलले.

बाईंनी मशीन चालवलं, डोळे मिटले, थांबवलं. खालचं झाकण काढून शटल हातात घेतलं, म्हणजे खालचा दोरा ज्यात फिरतो तो भाग. उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं.

"हे शटल या मशीनचं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मॉडेलचं आहे. किंचित फरक असतो, बसतं पण टाका धरत नाही. मशीन जोडताना मिस्त्रींनी माझ्याकडे शटल मागितलं, ते मी काढून दिलं. डबा चुकला माझा."

सुरेखाने शटल हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तुमची नाही, मशीनची नाही, मिस्त्रींची नाही. आणि तुम्ही सांगत होतात तरी आम्ही ऐकलं नाही, ही दुसरी."

दुसरी चूक माझी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुरेखा खाली बसली. "मला वाटलं मलाच जमत नाय," ती म्हणाली. "घरात पण सगळे तेच बोलत होते. हिला कशाला पाहिजे होतं मशीन, म्हणून. सासूबाई बोलल्या, शाळेला सांगून टाक नाय होणार." तिने पदराने नाक पुसलं. "पहिलंच मोठं काम आहे माझं."

बाईंनी नवं शटल बसवलं. पंधरा-वीस मिनिटांत मशीन असं चालायला लागलं की खोलीचा आवाजच बदलला. सुरेखा पुढे वाकून टीप बघत होती, तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मी फोन वर धरला.

"फोन ठेव," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सुई-दोरा घे. हुक लावायला बस."

मग बाई मशीनवर बसल्या. सुरेखा कापलेले भाग जुळवून द्यायची, बाई शिवायच्या, मी जमिनीवर बसून हुक लावायचे. दुपारी सुरेखाने आमटी-भात वाढला. तोवर तिची भीड चेपली होती. बाईंचे व्हिडिओ बघूनच तिने मशीन घ्यायचं ठरवलं होतं, हे तिने जेवताना सांगितलं. पाचच्या सुमाराला तिच्या सासूबाई शेजारून आल्या, दाराशी थांबून पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. अकरावं लुगडं झालं तेव्हा बाहेर दिवे लागत होते.

मी आवरायला लागले, तर सुरेखाच म्हणाली, "ताई, आता काढा की व्हिडिओ. मी बोलते."

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "त्यांच्या घरात त्या म्हणतील तसं."

सुरेखाने केस सारखे केले. बाईंना शेजारी बसवलं आणि मला म्हणाली, "दोघींचं तोंड आलं पाहिजे." बाईंनी हरकत घेतली नाही. सुरेखाने काही म्हणजे काही लपवलं नाही. किती दिवस आवाज पाठवले, कोणतं उत्तर आलं, कमेंट कशी काढून टाकली, सगळं बोलली. बाई हात मांडीवर ठेवून, कॅमेऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघत ऐकत होत्या. मधे दोनदा "बरोबर" म्हणाल्या. शेवटी सुरेखाने लुगड्यांची चळत दाखवली आणि म्हणाली, "आता हे झालेत. पण आठ दिवस मी झोपले नाय, ते पण खरंय."

स्टेशनवर मी बाईंना म्हटलं, हे टाकलं तर दुकान बसेल.

"बसेल तर बसेल. उद्या दहाला ये. ते राहिलेले सगळे आवाज ऐकायचेत."

तेव्हा मला कळलं की माझं काम गेलेलं नाही.

व्हिडिओ एकही सेकंद न कापता टाकला. वर काय लिहायचं ते बाईंनी सांगितलं: चूक झाली होती, दुरुस्त केली. ज्यांचे आवाज ऐकायचे राहिले, त्यांनी परत पाठवावेत. पहिले दोन दिवस वाईट गेले. कुणी लिहिलं, नाटक आहे. एका दुसऱ्या दुकानदाराने तो व्हिडिओ हौसेने सगळीकडे फिरवला. बाईंनी त्यालाही लिहिलं, "सप्रेम नमस्कार. आपल्यामुळे पुष्कळ लोकांपर्यंत पोचलं. आभारी आहे." मग हळूहळू वारं फिरलं. फिरलं म्हणजे चमत्कार झाला नाही. पण शहाड, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यातल्या बायका मशीन घ्यायची वेळ आली की सुरेखाला विचारायला लागल्या आणि ती त्यांना आमच्याकडे पाठवायला लागली. राहिलेले आवाज ऐकायला आम्हाला तीन आठवडे लागले. ते आपोआप जाणारं उत्तर मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं.

पुढे मला दुसरी कामं मिळाली. डोंबिवलीत छोटंसं ऑफिस घेतलं. बाईंचं पेज मात्र माझ्याकडेच राहिलं. सुरेखा आठवड्यातले तीन दिवस दुकानात यायला लागली, आधी शिकायला आणि मग शिकवायला.

दोन वर्षांपूर्वी बाईंना ऐकू कमी यायला लागलं. त्यांनी ते आम्हाला सांगायच्या आधी पेजवर सांगितलं. कुणाची मदत न घेता काढलेला व्हिडिओ, अर्धा त्यांच्या बोटाने झाकलेला. "नमस्कार. बसा. माझा डावा कान गेला आहे, उजवा जाण्याच्या बेतात आहे. माझ्या निदानात चूक होऊ शकते, तेव्हा माझ्या एकटीवर विसंबू नका." मी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. मशीनचा आवाज ऐकणाऱ्या दुकानाने सांगायचं की आता ऐकू येत नाही.

लोकांनी काय करावं? ते आवाज लिहून पाठवायला लागले. "खट खट खट, मग जरा थांबून चिर्र." "बाई, आमचं मशीन भात शिजल्यासारखं खदखदतंय." कल्याणच्या एका निवृत्त मास्तरांनी तर मात्रा मोजून लिहिलं, शेवटी कुठे जोर येतो तिथे रेघ मारून. बाई ते वाचताना पोट धरून हसायच्या. इतकं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी दुकानात गेले होते. शहाडच्या एका मुलीचा मेसेज आला होता. तिच्याकडे आजीचं जुनं पायाचं मशीन होतं आणि लिहून काही सांगता येत नव्हतं म्हणून तिने आवाजच पाठवला होता. सुरेखाने तो कानाला लावून ऐकला आणि मग बाईंच्या समोर बसून तोंडाने काढून दाखवला. खर्र, खर्र, फट्. बाईंनी तिच्या ओठांकडे बघत ऐकलं.

"पुन्हा."

सुरेखाने पुन्हा काढला. बाईंनी बोट वर केलं, "ते फट् दर फेऱ्याला आहे की मधूनच?"

"मधूनच."

"तुला काय वाटतं?"

सुरेखाने फोन परत कानाला लावला. या वेळी तिने डोळे मिटले. "मशीनला काय झालं नाय बाई. पट्टा सैल आहे. त्याचा जोड चाकावर आला की घसरतोय."

बाईंनी मान हलवली, हसल्या, आणि आपला फोन उचलून तिच्या हातात दिला. "मग लिही तिला. तुझ्या नावाने लिही."

मी दारात उभी राहून सगळं बघत होते. म्हटलं, "बाई, हे पुन्हा एकदा कराल? मी व्हिडिओ काढते. फार छान होईल."

बाईंना नीट ऐकू गेलं नाही. सुरेखाने मोठ्याने सांगितलं. बाई म्हणाल्या, "थांब जरा. आधी त्या मुलीचं मशीन चालू दे."